टॅब पोराचा, डेटा घराचा

शाळेमार्फत विद्यार्थ्याच्या हाती येणारा संगणक हा मालकीच्या दृष्टीने मोठा चमत्कारिक पदार्थ आहे. त्याचे पैसे शासनाने दिलेले असतात, नोंद शाळेच्या वहीत असते, वापर विद्यार्थ्याने करावा अशी अपेक्षा असते, तो बिघडला तर उत्तर मुख्याध्यापकांनी द्यायचे असते आणि तो सुरू कसा करायचा हे मात्र नववी ‘ब’मधल्या एकाच मुलाला ठाऊक असते. ज्या वस्तूला इतके धनी, तिच्या जबाबदार वापराचा प्रश्न सोपा असणे शक्यच नाही. तरीही या विषयावरील परिपत्रके आणि व्याख्याने असे गृहीत धरतात की जबाबदारी ही विद्यार्थ्याने पाळायची आणि बाकीच्यांनी शिकवायची गोष्ट आहे. ब्रह्मपुरीसारख्या गावातील व्यवहार जवळून पाहिला की हे गृहीतक लंगडे पडते. तेथे एकाच यंत्राभोवती जबाबदारीच्या तीन स्वतंत्र कल्पना नांदतात: एक कार्यालयाची, एक घराची आणि एक मुलाची. या तिन्ही कल्पना आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, आणि संगणकाचे जे काय होते ते या तीन प्रामाणिकपणांच्या ओढाताणीतून होते.

ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो, जो २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातूनच वेगळा निघाला. भोवती धानाची शेती, शेतीच्या कडेला जंगल आणि जंगलात वाघ, अशी या मुलखाची रचना आहे. शाळा, महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग यांची येथे इतकी दाटी आहे की दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यांमधून मुले शिकायला येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि शनिवारी गावाकडच्या एसटीत तांदळाची रिकामी पिशवी घेऊन चढतात. गावाची दुसरी ख्याती तापमानाची आहे. मे महिन्यात देशातील सर्वाधिक तापलेल्या ठिकाणांच्या यादीत ब्रह्मपुरीचे नाव हटकून येते, पारा ४७ अंशांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत, आणि घाम पुसत पुसत का होईना, ही बातमी पाहुण्यांना सांगताना गावकऱ्यांच्या आवाजात थोडा अभिमान असतोच. पुष्कळशा संगणकांच्या माहितीपत्रकात मात्र ते ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावेत असे छापलेले असते. याचा काटेकोर अर्थ असा की होळीनंतरच्या ब्रह्मपुरीत संगणक न वापरणे हाच त्याचा जबाबदार वापर ठरतो, आणि कार्यालयाच्या विचारसरणीला येथूनच शास्त्रीय आधार मिळतो.

भारतीय शाळेत संगणक आला तो १९८४-८५ साली. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या प्रकल्पाखाली, म्हणजे शाळांमधील संगणक साक्षरतेच्या योजनेखाली, निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळाले. पुढे २००४ साली ‘आयसीटी ॲट स्कूल’ ही योजना आली. आयसीटी म्हणजे माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान. २०१८ साली ती ‘समग्र शिक्षा’ या मोठ्या योजनेत विलीन झाली. आयसीटी योजनेत अनेक ठिकाणी अशी पद्धत होती की कंत्राटदाराने शाळेत संगणक कक्ष उभारावा, पाच वर्षे तो स्वतः चालवावा आणि नंतर शाळेच्या स्वाधीन करावा. कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती. व्यवहारात तिचा परिणाम असा झाला की ज्या वयात संगणक सेवानिवृत्त होतो, नेमक्या त्या वयात तो शाळेच्या मालकीचा होऊ लागला. संगणक आले त्या दिवशी नारळ फुटला होता, पडद्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघाले होते, पेढे वाटले गेले होते. कंत्राट संपले त्या दिवशी कंत्राटी शिक्षक गेला, त्याच्याबरोबर पासवर्ड गेला आणि स्वस्तिक तेवढे राहिले.

यानंतर संगणक ज्या ग्रंथात प्रवेश करतो त्याचे नाव जडवस्तू संग्रह नोंदवही असे असून शाळेच्या बोलीत तिला ‘डेडस्टॉक’ म्हणतात. खडू, शाई, कागद या वापरून संपणाऱ्या वस्तू तिच्यात येत नाहीत. टेबल, खुर्ची, पितळी घंटा, पृथ्वीचा गोल आणि संगणक येतात. या वहीत शिरलेली वस्तू सहजासहजी बाहेर पडू शकत नाही. ती निकामी झाली तरी तिचे निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे ती खरोखरच निकामी झाली आहे असे वरिष्ठांनी मान्य करून वहीतून कमी करण्यास लेखी परवानगी द्यावी लागते. आणि या प्रस्तावाचा प्रवास पाहता मधल्या काळात तीन मुख्याध्यापक बदलून जातात. प्रत्येक नव्या मुख्याध्यापकाला चार्ज घेताना वस्तू मोजून घ्याव्या लागतात. मोजणीत वस्तू भरली पाहिजे एवढीच अट असते. ती चालते का, हा प्रश्न मोजणीच्या कक्षेबाहेरचा आहे. अशा स्थितीत कोणताही विचारी माणूस ज्या निष्कर्षाला येईल त्याच निष्कर्षाला मुख्याध्यापक येतात: वापरलेला संगणक बिघडू शकतो, न वापरलेला संगणक फक्त जुना होऊ शकतो, आणि जुने होण्याबद्दल आजवर कोणाचीही वेतनवाढ थांबलेली नाही. म्हणून खोलीला कुलूप लागते, किल्ली शिपायाकडे जाते आणि शिपाई रजेवर असतो.

मात्र कुलूपबंद खोली ही शाळेत फार काळ रिकामी राहू शकत नाही. शालेय पोषण आहार योजनेचा तांदूळ, ज्या योजनेला २०२१ पासून पीएम पोषण असे नाव आहे, तो ठेवायला कोरडी, जाळी लावलेली आणि कुलूप असलेली जागा लागते. आणि अशी खोली अनेक शाळांत एकच असते. त्यामुळे शासनाच्या दोन योजना एका छताखाली येतात. तांदळाच्या पोत्यांमागोमाग उंदीर येतात, आणि पोट भरल्यावर दात झिजवण्यासाठी त्यांना वायरीसारखे दुसरे साधन नसते. अशा खोलीतील एखादा संगणक जवळून पाहण्यासारखा असतो. मुख्याध्यापिकांनी शिवणाच्या तासाला मुलींकडून शिवून घेतलेले फुलाफुलांचे कव्हर काढले की खाली पडदा लख्ख दिसतो. माउसची वायर मात्र यंत्रापासून चार बोटांवर कुरतडलेली असते आणि टेबलावर काळ्या आवरणाचा भुसा पडलेला असतो. कळफलक पाहिला तर शोध अधिकच उद्बोधक ठरतो. त्यावरील अक्षरे दुकानातून आणल्यासारखी ठळक असतात, पण बाणांच्या चार कळा आणि जागा सोडण्याची लांब कळ एवढ्या मात्र झिजून पांढऱ्या पडलेल्या असतात. याच कळांनी मोटारशर्यतीच्या खेळातील गाडी वळते आणि उडी मारते. कुलूप, शिपाई, जाळी आणि पोती या साऱ्यांना वळसा घालून मुले संगणकापर्यंत पोहोचलीच होती, एवढा इतिहास त्या पाच कळांवरून सिद्ध होतो.

संगणक कक्षाच्या भिंतीवर नियमांचा फलक असतो, आणि कार्यालयाची जबाबदारीची कल्पना समजून घ्यायची तर त्याच्याइतका विश्वसनीय दस्तऐवज दुसरा नाही. चपला बाहेर काढाव्यात, पाण्याची बाटली आत आणू नये, पडद्याला बोट लावू नये, शिक्षकांच्या परवानगीशिवाय बटण दाबू नये, कव्हर पुन्हा घालावे आणि मोडतोड झाल्यास भरपाई वसूल केली जाईल, असे साधारणपणे सहा-सात नियम त्यावर रंगवलेले असतात. देवळाच्या पायरीवर आणि या दारात चपलांचा ढीग सारखाच असतो, आणि ढिगातून आपली जोडी शोधण्यात तासातली जी मिनिटे जातात त्यांनाही संगणक शिक्षणातच धरले जाते. आत चाळीस मुले आणि चालू स्थितीतील तीन यंत्रे असतात. एका यंत्रापुढे तेराजण बसतात, त्यांपैकी एकाच्या हाती माउस असतो, दोघे त्याला सूचना देतात आणि उरलेले दहाजण भविष्यकाळाकडे पाहतात. “हात नोको लावू गा, बिघडते,” हे वाक्य जो मुलगा दहा वर्षे ऐकतो त्याच्या मनावर संगणकाविषयी एकच सिद्धांत ठसतो, तो म्हणजे हे यंत्र हात लावल्याने बिघडते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की फलकावरील प्रत्येक नियम यंत्राच्या शरीराविषयी आहे. यंत्राने काय करता येते, कोणाचे काय बिघडवता येते, कोणाला फसवता येते, याबद्दल फलक मौन पाळतो.

हे मौन मोडण्याची संधी शाळेला रोज मिळते, पण ती वेगळ्याच दिशेने वापरली जाते. आजच्या शाळेला जी माहिती ऑनलाइन भरावी लागते तिचा पसारा मोठा आहे: विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’वर आणि ‘यू-डायस प्लस’वर, शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’वर, किती मुले जेवली ते आहाराच्या प्रणालीवर. ‘आजच सायंकाळी पाच वाजेपर्यंत’ असे शब्द असलेला संदेश दुपारी साडेतीनला येतो, शिक्षक चष्मा कपाळावर चढवतात, आणि मग नववी ‘ब’मधल्या त्या मुलाला भूगोलाच्या तासातून बोलावणे जाते. तो बसतो, पासवर्ड विचारत नाही, कारण तो त्याला पाठ असतो. शाळेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन हा पासवर्ड पाठ करावा लागत नाही. थोड्या वेळाने शिक्षकांच्या खिशात फोन वाजतो आणि तो म्हणतो, “सर, ओटीपी आला जी.” सर फोनच त्याच्या हातात देतात. त्याच दिवशी पाचव्या तासाला संगणकाच्या पुस्तकातील ‘आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये’ हा धडा वर्गात मोठ्याने वाचला जातो, आणि तो वाचण्यासाठीही त्याच मुलाला उभे केले जाते, कारण त्याचे वाचन स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सीनुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाचा हेतू शुद्ध असल्याने कायदा त्याला हात लावत नाही. शाळेच्या वेळेत शाळेचे काम करणारा सापडलाच तर तो तेवढाच असतो.

येथवर वर्णिलेला संगणक बसता होता. फिरता संगणक, म्हणजे विद्यार्थ्याने घरी न्यावयाचा टॅब, ही पुढची अवस्था होय. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले तेव्हा दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागील प्रकट हेतू होता. उत्तर प्रदेशात २०१३ साली बारावी उत्तीर्णांना वाटलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर मुख्यमंत्री आणि त्यांचे वडील यांची छायाचित्रे आधीच बसवलेली होती, त्यामुळे विद्यार्थ्याने यंत्र उघडताच प्रथम कोणाचे ऋण आठवावे हा प्रश्न उरला नव्हता. विदर्भातील, आणि म्हणून ब्रह्मपुरीतील, ठळक उदाहरण ‘महाज्योती’चे आहे. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था हे तिचे पूर्ण नाव असून नागपूर येथे मुख्यालय असलेली ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना सीईटी, जेईई आणि नीट या प्रवेश परीक्षांच्या ऑनलाइन तयारीसाठी मोफत टॅब आणि दररोज ६ जीबी इंटरनेट डेटा देते. जीबी हे माहितीच्या आकारमानाचे माप आहे. ज्या घरात अभियंता किंवा डॉक्टर होण्याचे स्वप्न यापूर्वी शिकवणीच्या फीपाशी थांबत होते, तेथे ही योजना पोहोचते, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. विनोदाचा भाग फक्त शेवटच्या आकड्यात, त्या सहा जीबीत, दडलेला आहे.

अभ्यासाची चित्रफीत साध्या दर्जात पाहिली तर तासाला एक जीबीसुद्धा लागत नाही. मुलाने अगदी तीन-चार तास निष्ठेने अभ्यास केला तरी रात्री निम्म्याहून अधिक डेटा शिल्लक राहतो, आणि दैनिक डेटाचा स्वभाव असा की तो मध्यरात्री लयाला जातो, दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. येथे घराची जबाबदारीची कल्पना प्रवेश करते. ज्या मुलखात धानाची लोंबी बांधावर पडली तरी वेचून घेतात आणि रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खातात, तेथे शासनाने दिलेले तीन-साडेतीन जीबी रोज मध्यरात्री वाया जाऊ देणे हे पाप समजले जाते. त्यामुळे टॅब पोराचा असला तरी डेटा घराचा होतो. संध्याकाळी सातपर्यंत भौतिकशास्त्र चालते. त्यानंतर आई चुलीपुढून विचारते, “झाला का गा बापू अभ्यास? मंग आन इकडे,” आणि मालिकेचा चुकलेला भाग सुरू होतो. आजोबांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने हवी असतात. वडिलांना धानाच्या बोनसची बातमी आली का ते पाहायचे असते, आणि ते पाहता पाहता यूट्यूबवर झाडीपट्टीतील एखादे नाटक लागते. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा आणि झाडांचा प्रदेश. येथे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात, आणि ती पुरवणाऱ्या मंडळ्यांचे ठाणे ब्रह्मपुरीजवळच्या वडसा येथे आहे. नाटक रात्रभराचे असल्याने डेटाही रात्रभराचा लागतो. धाकटा भाऊ या सर्वांच्या मागे हॉटस्पॉट लावून, म्हणजे टॅबमधील इंटरनेट बिनतारी मार्गाने आपल्या फोनवर घेऊन, बंदुकीच्या खेळात गुंतलेला असतो. रात्री पावणेबाराला घरात जो कोणी जागा असेल त्याने उरलेला डेटा संपवायचा असा अलिखित नियम असतो, आणि त्या पंधरा मिनिटांत जगातील कोणतीही निरुपयोगी गोष्ट उतरवून घेतली जाते.

या कुटुंबाला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे होईल. संस्थेच्या लेखी जबाबदारी म्हणजे टॅब केवळ अभ्यासासाठी वापरणे. घराच्या लेखी जबाबदारी म्हणजे मिळालेले काही वाया न घालवणे. आणि दुसरी कल्पना पहिलीपेक्षा शेकडो वर्षांनी जुनी आहे. वीज गेली की टॅबच्या उजेडात दाराची कडी आणि पायाखालची वाट पाहिली जाते, हाही वापरच होय, आणि त्याला आंतरराष्ट्रीय पूर्वपीठिका आहे. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही चळवळ उभी करणारे निकोलस निग्रोपाँटे आपल्या भाषणांत सांगत असत की कंबोडियातील एका खेड्यात पालकांना लॅपटॉप फार आवडला, कारण घरातील सर्वांत प्रखर दिवा तोच होता. याच चळवळीने २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात धनगरवाडा या वस्तीवरील शाळेत २२ लॅपटॉप दिले होते. पेरू देशाने तर आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले, आणि २०१२ साली झालेल्या मूल्यमापनात असे दिसले की त्यांच्यामुळे मुलांच्या गणिताच्या किंवा भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. यंत्र दिल्याने शिक्षण होते असे मानणारे आणि यंत्र दिल्याने मुले बिघडतात असे मानणारे, या दोन्ही पक्षांना पेरूने सारखेच निराश केले.

मुलाची जबाबदारीची कल्पना तिसरी. बंद दार दिसले की ते कसे उघडते याचा शोध घेणे हे तो आपले कर्तव्य समजतो, आणि या बाबतीत ब्रह्मपुरी व लॉस एंजेलिस यांत फरक नाही. तेथील शाळांनी २०१३ साली विद्यार्थ्यांना आयपॅड दिले, त्यांवर नको ती संकेतस्थळे अडवणारी व्यवस्था बसवली, आणि जेमतेम आठवड्याभरात शेकडो मुलांनी आपली नोंद यंत्रातून पुसून टाकली की सारे अडथळे दूर होतात हे शोधून काढले. प्रशासनाने घाईघाईने आयपॅड घरी नेण्यावर बंदी घातली. ज्या शाळेने मुलांना चिकित्सक वृत्ती शिकवण्यासाठी यंत्रे दिली, तिला ती वृत्ती आठच दिवसांत आलेली सोसली नाही. आपल्याकडे तेच कौशल्य निराळ्या प्रसंगी फळाला येते. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे. पण ज्या घरात वडिलांचा ईमेल मुलानेच उघडून दिला, त्याचा पासवर्ड मुलालाच माहीत आणि वडिलांच्या फोनवरचा ओटीपीही मुलगाच वाचतो, तेथे पालकांची संमती मुलगा अत्यंत तत्परतेने देतो. वडील शेतात असतात.

मुले चुकतात तशी शाळाही चुकते, आणि तिची चूक अधिक गंभीर असू शकते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन येथील शाळांनी दिलेल्या लॅपटॉपमध्ये हरवलेले यंत्र शोधण्यासाठी दुरून कॅमेरा सुरू करण्याची सोय होती. २०१० साली उघडकीस आले की या सोयीमुळे मुलांची त्यांच्या घरातील हजारो छायाचित्रे टिपली गेली होती. एका मुलाला गोळ्या घेत असल्याबद्दल शाळेने जाब विचारला. त्या गोळ्या म्हणजे साखरेच्या चघळायच्या गोळ्या आहेत असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि शिक्षण मंडळाने सहा लाख दहा हजार डॉलर मोजून ते मिटवले. विद्यार्थ्याने काय करू नये याची यादी ज्या कागदावर असते, त्याच कागदावर शाळेने काय पाहू नये हेही लिहिलेले असावे, हा धडा यातून मिळतो. आपल्याकडे फलकावर त्यासाठी जागा उरलेली नसते, कारण ती चपलांनी घेतलेली असते.

ब्रह्मपुरीपुरते पाहिले तर या सगळ्याची कसोटी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागली. गावातील वनविश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेत असल्याची एक चित्रफीत देशभर फिरली, आणि ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली असून अशी घटना घडलीच नाही, असे वनविभागाला जाहीर करावे लागले. इतर गावांत हा गमतीचा विषय झाला असता. येथे तो तसा होऊ शकत नाही, कारण ब्रह्मपुरी वनविभागात खऱ्या वाघाने खरी माणसे मारली आहेत. धान कापायला, सरपण आणायला, मोहफुले वेचायला गेलेली माणसे. खोट्या वाघाला जंगल लागत नाही, भूक लागत नाही आणि तो एका रात्रीत सगळ्या गटांवर हिंडून येतो. त्याच्यामुळे वाईट एवढेच होते की उद्या खरा वाघ गावाच्या शिवेवर आला असा संदेश वनरक्षकाने पाठवला तर वाचणारा तो हसून पुढे सरकवतो. पडद्याला बोट लावल्याने फार तर डाग पडतो. पडद्यावरच्या त्या एका कळीला, पुढे पाठवण्याच्या कळीला, बोट लावताना मात्र माणसाच्या जिवाचा हिशेब करावा लागतो, आणि नेमके हेच बोट शाळेच्या नियमांतून सुटले आहे.

यावर उपाय नवा फलक रंगवणे हा नव्हे. मोजके चार नियम पुरेसे आहेत आणि ते मुलांशी बोलून ठरवावेत. आपला पासवर्ड आपला, आणि सरांचा पासवर्ड सरांचा; दुसऱ्याचे छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय टिपू नये की पाठवू नये; भीती घालणारी कोणतीही चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी गावात ज्याला खरे माहीत असेल त्याला, म्हणजे वनरक्षकाला, परिचारिकेला किंवा पोलीस पाटलाला, विचारावे; आणि यंत्र बिघडले तर त्याच दिवशी सांगावे, सांगणाऱ्याकडून भरपाई घेतली जाणार नाही. यांतील पहिला नियम शिक्षकांनी आधी पाळायचा आहे, म्हणजे माहिती भरण्याचे काम स्वतः शिकून घ्यायचे आहे, आणि चौथा मुख्याध्यापकांनी. पालकांना एवढेच सांगणे पुरे की सात वाजेपर्यंतचा टॅब मुलाचा असावा आणि नंतरचा घराचा असला तरी हरकत नाही. वेळ ठरलेली असली की वाटणीचे भांडण होत नाही. तांदळाची पोती दुसऱ्या खोलीत हलवावीत, आणि दुसरी खोली नसेल तर ती मागावी. ती मागणी निर्लेखनाच्या प्रस्तावापेक्षा लवकर मंजूर होण्याचा संभव आहे. उंदरांनी खाल्लेला संगणक आणि मुलांनी झिजवलेला संगणक हे दोन्ही नोंदवहीत एकाच किमतीला दिसतात. म्हणून शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना विनंती अशी की त्यांनी खोलीतील यंत्रे मोजून झाल्यावर एखादा कळफलक उचलून पाहावा, आणि त्यावरची अक्षरे नव्यासारखी दिसली तर शेरा प्रतिकूल द्यावा.